सुपर लेमन हेझ: लिंबाचा वास, ‘संकरित’ ही पाटी आणि खरा परिणाम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ओंटारिओत राहता, वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, झोप नीट लागत नाही, आणि परवानाधारक दुकानातील विक्रेत्याने ‘सुपर लेमन हेझ’ हा गांजाचा संकरित वाण सुचवताना सांगितले, की लिंबाच्या वासाचे वाण सौम्य असतात आणि त्यांतील लिमोनीन हे सुगंधी द्रव्य घबराट होऊ देत नाही. आपला पूर्वानुभव महाशिवरात्रीच्या थंडाईतील भांगेपुरता आहे. विक्रेत्याचे म्हणणे कितपत खरे, या वाणाचे गुणधर्म कोणते, झोपेसाठी तो चालेल का आणि पुण्याला जाताना थोडा बरोबर नेता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी कॅनडातील प्रयोगशाळेत गांजाच्या फुलोऱ्यांचे रासायनिक पृथक्करण करण्याचे काम बरीच वर्षे करीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आपल्या प्रकृतीविषयीचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. पण फुलोऱ्यात काय असते, काय नसते आणि पुडक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय, हे मी खात्रीने सांगू शकतो. एका वाक्यात उत्तर द्यायचे तर या वाणाचा लिंबाचा वास अस्सल आहे, मात्र त्या वासावरून काढलेला सौम्यपणाचा निष्कर्ष निराधार आहे.

वाणाची कुळी आधी पाहू. सुपर लेमन हेझ हा ॲमस्टरडॅमच्या ग्रीन हाउस या बियाणे कंपनीने तयार केलेला संकर आहे. ‘लेमन स्कंक’ आणि ‘सुपर सिल्व्हर हेझ’ हे त्याचे आईबाप. ॲमस्टरडॅमला भरणाऱ्या कॅनबिस कप स्पर्धेत २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने पहिले बक्षीस मिळवले आणि तेव्हापासून त्याचे नाव जगभर झाले. सुपर सिल्व्हर हेझच्या मागे स्कंक, नॉर्दर्न लाइट्स आणि हेझ अशा तीन वाणांचे रक्त आहे. त्यांपैकी हेझ ही १९७० च्या दशकातील कॅलिफोर्नियाची देणगी असून तिच्यात मेक्सिको, कोलंबिया, थायलंड आणि दक्षिण भारत येथील स्थानिक गांजा मिसळल्याचे संकरकार सांगत आले आहेत. ही वंशावळ बरीचशी तोंडी परंपरेवर उभी आहे आणि तिला शेतकी विद्यापीठाच्या नोंदवहीइतके वजन देता येत नाही, तरी केरळच्या डोंगरांतला गांजा या कुळीत कुठेतरी आहे, ही समजूत या क्षेत्रात सर्वत्र आढळते. दिसायला याचे फुलोरे लांबट, फिकट हिरवे आणि नारिंगी तंतूंनी भरलेले असतात, आणि त्यांवर राळेच्या ग्रंथींचा दाट पांढुरका थर असतो. ओळखीसाठी या वर्णनाचा फारसा उपयोग नाही, कारण असे दिसणारे वाण शेकड्यांनी आहेत.

‘संकरित’ या पाटीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ग्राहकांची सर्वांत मोठी दिशाभूल येथेच होते. बाजारातील रूढ समजूत अशी, की गांजाच्या दोन रूढ प्रकारांपैकी ‘सटायव्हा’ हुशारी आणते, ‘इंडिका’ सुस्ती आणते आणि ‘संकरित’ वाण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. सुपर लेमन हेझला त्यातही ‘सटायव्हाकडे झुकणारा’ म्हणतात. वस्तुतः आज दुकानात मिळणारे जवळजवळ सर्वच वाण कित्येक पिढ्यांच्या मिश्रणातून आलेले आहेत, त्यामुळे ‘संकरित’ म्हटल्याने काहीच वेगळे कळत नाही. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेदरलँड्समधील सुमारे ३०० नमुन्यांची जनुकीय आणि रासायनिक तपासणी केली, तेव्हा सटायव्हा किंवा इंडिका हे लेबल झाडाच्या एकूण जनुकीय जवळिकीशी जुळत नव्हते. मोजक्या काही सुगंधी द्रव्यांशी तेवढे त्याचे नाते दिसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सहा राज्यांमधल्या जवळपास ९०,००० नमुन्यांच्या प्रयोगशाळेतील निकालांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही ही लेबले आणि प्रत्यक्ष रसायने यांची सांगड लागली नाही. उलट सर्व माल सुगंधी द्रव्यांच्या आधारे तीन ढोबळ गटांत विभागला गेला. एका गटात कॅरिओफायलीन आणि लिमोनीन प्रमुख होते, दुसऱ्यात मर्सीन आणि पाइनीन, तर तिसऱ्यात टर्पिनोलीन आणि मर्सीन. पुडक्यावर एकच गोष्ट वाचायची मुभा असेल, तर मी सटायव्हा-इंडिकाऐवजी हा गट वाचेन.

आता वासाकडे येतो, आणि माझ्या दृष्टीने या वाणातील सर्वांत रंजक भाग हाच आहे. गांजाच्या फुलोऱ्यावरील ग्रंथींमध्ये राळेबरोबर टर्पीन नावाची उडून जाणारी सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि चांगल्या वाळवलेल्या मालात त्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे वजनाच्या एक ते तीन टक्के असते. लिंबाचा वास म्हटला की विक्रेते लिमोनीनचे नाव घेतात. पण शुद्ध लिमोनीन हुंगून पाहिले तर नाकाला संत्र्याची साल जाणवते, लिंबू नव्हे. संत्र्याच्या सालीतील तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीनच असते. लिंबाला त्याचा खास लिंबूपणा देणारे द्रव्य मुख्यतः सिट्रल, आणि म्हणूनच लिमोनीन नगण्य असलेली आपली गवती चहाची पात चुरगळली तरी लिंबाचा वास येतो. वासाचे नाव आणि द्रव्याचे नाव यांत असे अंतर असते, हे एकदा लक्षात आले की सुपर लेमन हेझचे कोडे सुटते. नावात लिंबू असूनही या वाणाच्या अनेक नमुन्यांत सर्वांत वरचे टर्पीन लिमोनीन नसून टर्पिनोलीन असते. त्याच्या पाठोपाठ मिरीत आढळणारे कॅरिओफायलीन येते आणि लिमोनीन दुसऱ्या-तिसऱ्या किंवा त्याहून खालच्या जागी सापडते. टर्पिनोलीनचा वास ताज्या लाकडासारखा, किंचित फुलांचा आणि किंचित आंबट-गोड असतो. जायफळात आणि आंब्याच्या काही परदेशी जातींत तो भेटतो. (हापूसमध्ये मात्र ओसिमीन हे टर्पीन पुढे असते, असे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनात दिसून आले आहे, गांजाच्या गप्पांत ‘आंब्याचे टर्पीन’ असा सरसकट उल्लेख होतो, त्याला आपल्याकडच्या माणसाने तरी भुलू नये.)

एवढ्यानेही वासाची कथा पुरी होत नाही. दोन नमुन्यांचे टर्पीनचे आकडे जवळजवळ सारखे असूनही एकाला लिंबाचा झणझणीत वास यावा आणि दुसऱ्याला फक्त गवताचा यावा, असा अनुभव प्रयोगशाळेत वारंवार येतो. याचा उलगडा अलीकडे झाला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले, की स्कंक जातीच्या गांजाचा प्रसिद्ध उग्र दर्प टर्पीनमुळे येत नसून अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, आणि ती संयुगे लसणीतील गंधकयुक्त द्रव्यांच्या नात्यातली आहेत. २०२३ मध्ये त्याच गटाने पुढचे पाऊल टाकले: संत्रे, ग्रेपफ्रूट आणि उष्ण कटिबंधातील फळांची आठवण करून देणारे गोड-आंबट वासही बऱ्याच अंशी अशाच सूक्ष्म गंधकयुक्त द्रव्यांमुळे घडतात, आणि त्यांचे प्रमाण इतके कमी असते की नेहमीच्या टर्पीन-अहवालात ती उमटतच नाहीत. नाकाला जे सर्वांत ठळक जाणवते ते वजनाने जवळजवळ शून्य असू शकते. ‘लिंबाचा वास म्हणजे भरपूर लिमोनीन, भरपूर लिमोनीन म्हणजे शांत मन’ ही साखळी म्हणून पहिल्याच कडीत तुटते.

परिणामाचा विचार करताना केंद्रस्थानी ठेवायचे द्रव्य म्हणजे टीएचसी. या द्रव्याची रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली निश्चित केली. मेंदूतील सीबी-१ या ग्राहींना चिकटून तेच नशा आणते. सुपर लेमन हेझच्या फुलोऱ्यात टीएचसी साधारणपणे १८ ते २२ टक्के, कधी त्याहूनही जास्त असते आणि टीएचसीचे काही दुष्परिणाम सौम्य करू शकते असे मानले जाणारे सीबीडी हे गांजातील दुसरे द्रव्य एका टक्क्याहूनही कमी असते. कॅनडातील पुडक्यावर ‘एकूण टीएचसी २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ २० टक्के असा होतो. त्याशेजारी नुसत्या ‘टीएचसी’पुढे दिसणारा लहान आकडा पाहून माल सौम्य आहे असे समजू नये, झाडात हे द्रव्य आम्लरूपात असते, उष्णतेने त्याचे टीएचसी होते, आणि तापवल्यानंतर मिळणारा हिशेब ‘एकूण’ या ओळीत दिलेला असतो. नवख्या माणसाने ओढण्यासाठी १०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसी असलेला माल निवडावा आणि एक-दोन झुरक्यांवर थांबावे, असे कॅनडाच्या आरोग्य खात्याचे मार्गदर्शन आहे. विक्रेत्याने आपल्याला ‘सौम्य’ म्हणून जे सुचवले, ते या मर्यादेच्या दुप्पट आहे.

वापरणारे या वाणाचे वर्णन बहुधा असे करतात: झुरका घेतल्यावर काही मिनिटांतच डोके हलके आणि तरतरीत वाटू लागते, बोलावेसे वाटते, संगीत आणि चवी ठळक होतात, अंगात जडपणा फारसा येत नाही. मी या वर्णनाला खोटे म्हणत नाही. हेझ कुळीतील मालाबद्दल इतकी माणसे इतकी वर्षे एकसारखे सांगत आली आहेत की ते सगळे झटकून टाकणे योग्य होणार नाही. मात्र त्यात टर्पिनोलीनचा वाटा किती, टीएचसीच्या मात्रेचा किती आणि ‘हा उत्साह देणारा वाण आहे’ असे आधीच ऐकलेल्या मनाचा किती, हे वेगळे काढून दाखवणारे भक्कम मानवी प्रयोग झालेले नाहीत. आणि या तरतरीची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. टीएचसी नाडीचे ठोके मिनिटाला २० ते ५० नी वाढवू शकते, तोंड कोरडे पडते, डोळे लाल होतात, काळाचे भान सुटते, नुकतेच बोललेले वाक्य आठवत नाही. आणि मात्रा थोडी जास्त झाली की तीच धडधड मनाला भीतीचे कारण वाटू लागते. अंगाला सुस्ती न आणणाऱ्या, सीबीडी नसलेल्या आणि टीएचसी भरपूर असलेल्या मालात हा धोका नवख्याला अधिक, असे माझे मत आहे. ओढल्यावर परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासाच्या आत शिगेला पोहोचतो आणि सहा तासांपर्यंत टिकतो. थोडी मरगळ चोवीस तासही राहू शकते.

भांगेचा अनुभव येथे मोजपट्टी म्हणून वापरू नका. भांग ही पानांची, म्हणजे तुलनेने कमी टीएचसीची, आणि ती पोटातून जाते. तिचा परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी सुरू होतो, चार तासांच्या सुमारास कळसाला जातो आणि बारा तासांपर्यंत रेंगाळतो. शिवाय यकृतात टीएचसीपासून आणखी एक जोरकस द्रव्य तयार होते आणि ओढण्याच्या तुलनेत पोटातून घेतल्यावर ते कितीतरी जास्त बनते. हे दोन अनुभव वेगळ्या जातीचे आहेत. ‘भांग पचली होती’ यावरून फुलोरा पचेल असे ठरत नाही, आणि याउलट ओढून काही झाले नाही म्हणून खाण्याच्या पदार्थाची मात्रा वाढवणे तर अधिकच धोक्याचे.

लिमोनीन घबराट थांबवते या दाव्याला मात्र थोडा शास्त्रीय आधार आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये एक नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. २० निरोगी प्रौढांना वेगवेगळ्या दिवशी शुद्ध टीएचसी, शुद्ध लिमोनीन, दोहोंचे मिश्रण किंवा काहीच नसलेली वाफ देण्यात आली. लिमोनीनची मात्रा वाढत गेली तशी घबराटीची तक्रार उतरत गेली, आणि ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर अस्वस्थता आणि संशयग्रस्तता या दोन्हींत स्पष्ट घट आढळली. नशेचे इतर परिणाम जवळपास तसेच राहिले आणि नुसत्या लिमोनीनने काहीच झाले नाही. प्रयोग चांगला आहे. अडचण प्रमाणाची आहे. तेथे टीएचसी आणि लिमोनीन यांचे प्रमाण दोनास एक होते. २० टक्के टीएचसी आणि अर्धा टक्का लिमोनीन असलेल्या फुलोऱ्यात ते चाळिसास एक पडते, म्हणजे ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर शरीरात जाईल ते लिमोनीन फार तर पाऊण मिलिग्रॅम. प्रयोगातल्या मात्रेच्या विसाव्या हिश्शावर भरवसा ठेवून १८-२० टक्क्यांचा माल ओढायला सांगणे, हे माझ्या मते विक्रीकौशल्य आहे, सल्ला नव्हे. आणि ज्या वाणात लिमोनीन पहिल्या क्रमांकावरही नाही, त्याच्या बाबतीत तर हा युक्तिवाद आणखीच लंगडा पडतो.

नावाच्या विश्वासार्हतेबद्दलही सांगायला हवे. गांजाच्या वाणांच्या नावांवर द्राक्षाच्या किंवा भाताच्या वाणांसारखे शासकीय नियंत्रण कधी राहिले नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोच्या संशोधकांनी तीन राज्यांमधून ३० वाणांचे १२२ नमुने गोळा करून त्यांची जनुकीय तुलना केली, तेव्हा एकाच नावाखाली विकले जाणारे नमुने अनेकदा एकमेकांशी जुळले नाहीत. कोलोरॅडोतील २०२३ च्या तपासणीत बहुसंख्य नमुन्यांतील टीएचसी लेबलवरील आकड्यापेक्षा लक्षणीय कमी निघाले. म्हणून ‘सुपर लेमन हेझ’ या नावापेक्षा त्या विशिष्ट पुडक्याची तपासणी आणि भरल्याची तारीख पाहावी. लिंबासारखे हलके वास देणारी टर्पीन सर्वांत आधी उडतात. सहा-आठ महिने उघड-बंद झालेल्या पुडक्यात टीएचसी बऱ्यापैकी शिल्लक असते, पण वास गवताचा झालेला असतो. वास गेला म्हणजे जोर गेला असे समजून जास्त ओढणारे लोक येथेच फसतात.

झोपेसाठी हा वाण मी सुचवणार नाही. टीएचसीने सुरुवातीला झोप लवकर लागल्यासारखे वाटते, परंतु रोज घेतल्यास शरीराला सवय होते, मात्रा वाढवावी लागते, आणि बंद केल्यावर काही रात्री झोप मोडते व अतिशय ठळक स्वप्ने पडतात. त्यातून हा वाण ज्या तरतरीसाठी प्रसिद्ध आहे, ती रात्री अकराला कोणाला हवी असते? निद्रानाशाचे कारण शोधणे हे काम डॉक्टरांचे आहे. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना मानसिक आजाराचा, विशेषतः भ्रम-भास होण्याचा इतिहास असेल, हृदयाचा विकार असेल, किंवा रक्त पातळ करणारे वॉरफॅरिनसारखे औषध चालू असेल, तर गांजापासून दूरच राहावे. वॉरफॅरिनचा प्रभाव गांजामुळे वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. गरोदर व स्तनदा स्त्रियांना तो वर्ज्य आहे. पंचविशीच्या आतील मुलांच्या मेंदूची वाढ चालू असल्याने त्यांच्यासाठी धोका जास्त आहे. घरात मुले असतील तर पुडके कुलपात ठेवा. आणि दीर्घकाळ रोज वापरणाऱ्याला वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरे वाटत असेल, तर तो गांजामुळेच होणारा विकार असू शकतो. त्यावर आणखी गांजा हा उपाय नव्हे.

एवढे वाचूनही आपण प्रौढ म्हणून कायद्याच्या चौकटीत तो वापरायचे ठरवलेच, तर हा वाण बाजूला ठेवून दहा टक्क्यांच्या आतील, सीबीडीचे प्रमाण चांगले असलेला माल घ्या, एक झुरका घेऊन किमान अर्धा तास थांबा, सोबत मद्य नको, तंबाखू मिसळू नका आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका. कॅनडात वाहन चालवताना रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये दोन नॅनोग्रॅम टीएचसी सापडले तरी तो गुन्हा ठरतो आणि पाच नॅनोग्रॅमपासून शिक्षा कडक होते. घबराट झालीच तर शांत जागी बसा, पाणी प्या, सोबतीला कोणीतरी असू द्या. छातीत दुखू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर आपत्कालीन सेवेला फोन करा आणि काय घेतले ते लपवू नका.

पुण्याला नेण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. कॅनडात सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत वाळवलेला गांजा जवळ बाळगता येतो, परंतु तो देशाबाहेर नेणे हा तेथेच गुन्हा आहे आणि त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी त्यात सूट मिळत नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोऱ्याचा गांजा आणि चरस या दोन्हींवर बंदी आहे. पाने व बिया या व्याख्येबाहेर राहिल्यामुळेच काही राज्यांत भांगेचे परवाने दिसतात, आणि त्याचा फुलोऱ्याला काहीही फायदा मिळत नाही. अल्प मात्रेसाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभाग अलीकडे बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून बंदिस्त जागेत वाढवलेला असाच परदेशी, उग्र वासाचा गांजा सातत्याने पकडत आहे, आणि लिंबाचा वास तर हवाबंद पुडक्यातूनही प्रशिक्षित कुत्र्याच्या नाकाला जाणवू शकतो. औषध म्हणून काही चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून त्याला भारतात कायदेशीर असलेला पर्याय लिहून घ्या.